निवडुंगाचा सूड, भाग दोन

चँडलर, ८ मार्च २०२५

प्रिय दादा आणि रत्नावहिनी,

दोघांनाही नमस्कार, आणि दादाला हिरो म्हणून वेगळा एक.

कागदावर लिहितोय, कारण व्हॉट्सअॅपवर दादा फक्त अंगठा पाठवतो. त्या अंगठ्याचा अर्थ हो, नाही, पोचलं, गप्प बस, काहीही असू शकतो. बातमी मोठी आहे. तिला अंगठा चालणार नाही.

'निवडुंगाचा सूड'चा दुसरा भाग येतोय!

वहिनी, हसू नका. पहिला भाग आपण २०११ मध्ये काढला, तेव्हा तुम्ही इथेच दोन गल्ल्या सोडून राहायचात. दादा हिरो झाला, कारण अख्ख्या मराठी मंडळात लेदरचं जाकीट त्याच्या एकट्याकडे होतं. देवांग व्हिलन झाला, कारण त्याच्याकडे मोटरसायकल होती. मी दिग्दर्शक झालो, कारण कॅमेरा माझा. गुणवत्तेचा प्रश्न कुठेच आला नाही आणि पडद्यावर ते स्वच्छ दिसतं. शेवटी देवांग निवडुंगात पडून मरतो, आणि त्याच्या पाठीतले काटे उपटण्यात आमची सबंध दुपार गेली होती. प्रेक्षकांत दोन बायका रडल्या. त्या सिनेमामुळेच रडल्या असं मी आजही धरून चालतो.

यंदा मंडळाच्या अध्यक्ष सरलाताईंनी मला गणपतीत आरती आणि महाप्रसाद यांच्यामध्ये वीस मिनिटं दिलीयत. भात व्हायला तेवढा वेळ लागतो म्हणे.

आता अडचण बघा. देवांग सनीव्हेलला गेला आणि मोटरसायकल विकून बसला. माझे गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. दादाची तर नोव्हेंबरात बायपास झालेली. पण घाबरू नका, मला उपाय सापडलाय. तेव्हा मला कॅमेरा बंद करायची सवयच नव्हती. तुम्ही डबे खाताय, दादा चष्मा शोधतोय, देवांग झाडामागे जातोय आणि परत येतोय, सगळं शूट झालंय. असं तीसेक तासांचं मटेरियल माझ्या गराजमध्ये पडून आहे. त्यातूनच भाग दोन काढायचा. कालच्या भाताला मोहरी-कढीपत्ता घातला की त्याला कोणी शिळा म्हणत नाही, फोडणीचा भात म्हणतात. तसंच हे.

मेलेल्या देवांगला जुळा भाऊ दिलाय. जुना शॉट डावा-उजवा उलटवला की झाला भाऊ तयार. टीशर्टवरची अक्षरं उलटी दिसतात, पण म्हणू की तो परदेशी शिकलेला आहे. संवाद नव्याने डब करतोय. एके ठिकाणी दादा जेवताना लोणचं मागतो, तिथे आता 'तुझा काळ जवळ आलाय' बसवलंय. तोंड उघडतं तेव्हा उघडतं आणि मिटतं तेव्हा साधारण मिटतं.

तेव्हा दादा, तू काहीही करायचं नाहीस. मस्त पाय वर करून बस. उठूसुद्धा नकोस. घरबसल्या हिरो!

तुमचा,
एकनाथ

---

शुगर लँड, १९ मार्च २०२५

प्रिय एकनाथभाऊजी,

पत्र मिळालं. हसले, कबूल करते.

हे पत्र मी डेंटिस्टच्या क्लिनिकमधून लिहितेय, तिथे मी फ्रंट डेस्कला असते. उत्तरही इथल्याच पत्त्यावर पाठवा. घरी फोनवर बोलायची सोय नाही, कारण तुमचे दादा दिवसभर हॉलमध्ये असतात. त्यांचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. आणि आयपॅड त्यांच्या मांडीवर असतो, माझा प्रत्येक मेसेज तिथे आधी टिणटिण करतो आणि मग माझ्याकडे येतो.

एक विनंती होती. सिनेमात जुनंच सगळं वापरण्याऐवजी आमच्या पुरुषोत्तमना एखादं नवीन काम देता येईल का? फार नको. कुठेतरी चालत जाताना वगैरे. इथे आमच्या घरामागे तळ्याकाठी छान वाट आहे, मी शूट करून पाठवीन. तब्येत एकदम ठीक आहे हो, रिपोर्टही सगळे चांगले आहेत. डॉक्टर चाला म्हणतात. जरा घरात बसून असतात, एवढंच.

तुमची तब्येत सांभाळा, गुडघ्याला तेल लावा.

रत्नावहिनी

---

चँडलर, २ एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

तुमच्या मनात काय आहे ते मी बरोब्बर ओळखलं. तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीत, पण एवढी वर्षं तुमच्या हातचं खाल्लंय, मला कळत नाही का? पुरेसा मसाला नाही म्हणून मी दादाला ऐन वेळी उन्हात उभं करीन, ही तुमची भीती. मुळीच करणार नाही! शब्द देतो.

नवीन शॉटची गरजच नाही, वहिनी. दादाचा धावण्याचा एक उत्तम शॉट सापडलाय. (खरं म्हणजे तो मधमाशीला घाबरून पळतोय, पण मधमाशी कॅमेऱ्यात आलेली नाही.) तो मी सिनेमात पाच वेळा घातलाय. एकदा सरळ, एकदा उलटवून, एकदा संथ, एकदा जोरात आणि एकदा आठवण म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. प्रतिमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की माणूस एवढं पळतोय पण पोचत का नाही? घरचे लोक कलेला फार लवकर ओळखतात, हेच दुःख.

परवा मुद्दाम दादाला फोन केला. म्हटलं, दादा, तुझी गरजच लागत नाही रे, पंच्याण्णव टक्के काम तुझ्याशिवाय झालं. अगदी खळखळून हसला. म्हणाला, "नाथ्या, असला सिनेमा मला जमेल." बरं वाटलं मला.

आता निश्चिंत असा.

एकनाथ

---

शुगर लँड, ११ एप्रिल २०२५

भाऊजी,

तुम्ही कारखान्यात कॉम्प्युटरच्या चिपांवर केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या रेघा काढता म्हणे. तुमच्या डोळ्यांसमोर एक अख्खा माणूस ठेवला तर तो दिसत नाही का हो तुम्हाला?

चूक माझीच आहे. मी आडवळणाने लिहिलं, आता सरळ लिहिते.

तुमचे दादा ऑपरेशननंतर पायी घराबाहेर पडलेले नाहीत. डॉक्टरकडे जायचं तर गराजमध्ये गाडीत बसतात आणि दारात उतरतात. रिक्लायनर, बाथरूम, जेवणाचं टेबल, परत रिक्लायनर. व्यायामाच्या क्लासला दोनदा गेले आणि तिसऱ्या वेळी डोकं दुखतंय म्हणाले. आता त्याचं नाव काढलं की आवाज चढतो. खिडकीचे ब्लाइंड्स बंद. का माहितीय? तिथून ती तळ्याकाठची वाट दिसते. तिथेच दुखायला लागलं होतं त्यांच्या छातीत. रोजच्यासारखे फिरायला गेले होते, बाकापाशी खाली बसले ते उठले नाहीत. मी घरात पोळ्या करत होते, मला काही पत्ताच नाही. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाईने ॲम्ब्युलन्स बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय दुरुस्त झालंय, पण असं बसून राहिले तर ते पुन्हा बिघडेल, आणि मग आम्हाला फार काही करता येणार नाही. सिया ऑस्टिनहून आली की म्हणते, "आई, डॅड इज लिटरली पार्ट ऑफ द काउच नाऊ." ती हसत म्हणते आणि मग वर खोलीत जाऊन बसते.

भाऊजी, मला भीती वाटते. नवरा हवाय मला. सोफे आमच्याकडे आधीच दोन आहेत.

तुम्ही त्यांना फोन करून तुझी गरज नाही म्हणालात आणि ते हसले, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्यानंतर फोन ठेवून ते कितीतरी वेळ तसेच बसून होते. तुम्हाला ते दिसलं नाही, मला दिसलं.

रत्ना

---

चँडलर, २० एप्रिल २०२५

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र प्रतिमाला वाचून दाखवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून भांडी घासली. गाढव हा शब्द तिने वापरला नाही, मी स्वतःच वापरतो.

दादा मला लहानपणी सायकलवर डबलसीट घेऊन शाळेत सोडायचा. तो बसून राहिलाय हे मला कळायला हवं होतं. मी मात्र मधमाशीचा शॉट ब्लॅक अँड व्हाइट करत बसलो.

रात्रंदिवस नाही, पण शनिवार-रविवार लावून सगळं मटेरियल पळवत पळवत परत पाहिलं, आणि वहिनी, एक सोन्यासारखी अडचण सापडली. सिनेमाच्या शेवटी हिरो पाठमोरा लांब चालत जायला हवा. त्याशिवाय संपला हे लोकांना कळणार नाही, ते महाप्रसादाला उठणार नाहीत आणि सरलाताई मला सोडणार नाहीत. आणि तीस तासांत दादाचा पाठमोरा असा एकही शॉट नाही! त्या काळात त्याला स्वतःचा चेहरा फार आवडायचा, कॅमेरा दिसला की तो वळून उभा राहायचा.

म्हणजे गरज खरीच आहे, मी खोटं बोलत नाहीये. आजच त्याला वेगळं पत्र टाकतोय. दादा, तुझ्याशिवाय सिनेमा संपत नाही, तळ्याकाठी एकदा चाल, असं लिहितोय. बघू.

एकनाथ

---

शुगर लँड, ९ जून २०२५

प्रिय भाऊजी,

उत्तराला उशीर झाला. चांगलं काही लिहिण्यासारखं होईल म्हणून थांबले होते.

तुमचं पत्र त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग मला म्हणाले, "नाथ्याला कळव, माझा समोरून चालत येतानाचा शॉट उलटा चालव, म्हणजे मी लांब जाईन." मी म्हटलं, अहो, तोंड पुढे करून मागे मागे कोण जातं? म्हणाले, "सावध हिरो आहे." सांगा आता! तुमच्याच घराण्यातले, जुन्यातून नवं काढायची विद्या तुमच्यापेक्षा त्यांना जास्त येते. मी खूप मागे लागले तेव्हा चिडले आणि म्हणाले, "डबल घे म्हणावं. पाठच तर दिसायचीय. कोणाचीही चालेल."

मग मला राग आला. म्हटलं ठीक आहे, कोणाचीही.

परवा सिया आली होती. ते दुपारचे झोपले आणि मी कपाटातून जाकीट काढलं. डोक्यावर त्यांची टोपी. खांद्यांत दोन टॉवेल भरले. कमरेशी काही भरावं लागलं नाही, आणि मागून मी हुबेहूब पुरुषोत्तम दिसते हे सिया इतक्या आनंदाने म्हणाली की मी तिच्याशी तासभर बोलले नाही. जूनमधली शुगर लँडची दुपार आणि अंगावर लेदर! आतल्या आत कुकर लागला होता. बरेच टेक झाले. सिया वैतागली. मला धड चालताच येत नाही, तिचं म्हणणं.

एक गोष्ट झाली ती सांगते. शेजारचे म्हातारे गृहस्थ अंगणात पाणी घालत होते. त्यांनी लांबून हात केला आणि ओरडले, "पुरू! गुड टु सी यू आउट, माय फ्रेंड!" त्यांना खरंच वाटलं. मी न वळता नुसता हात वर केला. काय करणार, मिशी नव्हती ना मला.

घरी येऊन गराजमध्ये जाकीट काढलं आणि तिथेच उभी राहून रडले. घामाने एवढी भिजले होते की सियाला कळलंच नाही.

सगळं शूटिंग सियाने तुमच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये टाकलंय. हवं तेवढं घ्या. ते डबल घे म्हणाले होते, डबल घेतला. तुमचा सिनेमा तरी पुरा होऊ दे.

रत्नावहिनी

---

चँडलर, २१ जुलै २०२५

प्रिय दादा,

सिनेमा झाला. तू म्हणालास तसा शेवटच्या शॉटला डबल घेतलाय. डबल कोण ते सांगत नाही, पण फार मेहनती कलाकार आहे, मानधन मागितलं नाही आणि जेवण स्वतःच करून जेवली.

ईमेलवर लिंक पाठवलीय. मला एकच फाइल कशी पाठवायची ते जमलं नाही म्हणून सगळं फोल्डर उघडं ठेवलंय. त्यातली 'फायनल खरंच फायनल ३' ती पाहायची. बाकीच्या फाइल उघडू नकोस, कच्चा माल आहे, मी कात्री लावलेली नाही.

खरं मत कळव. अंगठा पाठवलास तर बघ.

तुझा,
नाथ्या

---

शुगर लँड, ४ ऑगस्ट २०२५

नाथ्या,

सिनेमा पाहिला. वाईट आहे. पहिल्यापेक्षा वाईट आहे, आणि तोच सिनेमा असून पहिल्यापेक्षा वाईट कसा करता येतो याबद्दल तुझा सत्कार व्हायला पाहिजे. मी पाच वेळा पळतो आणि मधेच एकदा माझा चष्मा डाव्या खिशातून उजव्या खिशात जातो. मी लोणचं मागतोय हे आंधळ्यालाही कळेल.

आणि शेवटच्या शॉटमधला माणूस मी नाही. जाकीट माझं आहे, टोपी माझी आहे, पण मी उजवा खांदा पाडून चालतो. हा माणूस घाईघाईने चालतो, गॅसवर दूध ठेवून आल्यासारखा. तिथेच मला शंका आली. मग तू उघडू नकोस म्हणालास त्या फाइल उघडल्या. तू चुकून पाठवल्यास की मुद्दाम, ते विचारत नाही. मुद्दाम करायला गेलास की तुझ्याकडून काही नीट होत नाही, म्हणून चुकूनच धरतो.

सगळे टेक पाहिले, आवाजासकट. तू कापून टाकलेलं सगळं.

प्रत्येक टेकमध्ये रत्ना दहा-पंधरा पावलं नीट चालते आणि मग मागे वळून बघते. दर वेळी. सिया कॅमेऱ्यामागून ओरडते, "आई, स्टॉप लुकिंग बॅक! डॅड मागे बघत नाही!" तर ही म्हणते, "अगं, एकटे आहेत गं घरात. काही झालं तर?" सिया म्हणते, "ही इज स्लीपिंग!" "म्हणून तर," म्हणते ही. परत पहिल्यापासून. परत दहा पावलं, परत वळली. उन्हात लालबुंद झालेली, टॉवेल एका खांद्यातून बाहेर आलेला. शेवटी सियाने वैतागून कॅमेराच फिरवला, ही कुठे बघतेय ते बघायला. तर समोर आमचं घर.

मी ते घर कितीतरी महिन्यांनी बाहेरून पाहिलं, नाथ्या. सगळे ब्लाइंड्स खाली. आत कोणी राहतं असं वाटत नव्हतं. आणि माझी बायको त्या बंद खिडकीकडे बघत उभी होती. मी आत घोरत होतो.

ऑपरेशन झाल्यापासून जो येतो तो डबा घेऊन येतो आणि 'उठू नका, उठू नका' म्हणतो. तूही तेच म्हणालास. मला ते बरं वाटायचं, कारण मला उठायचंच नव्हतं. मी घाबरलो होतो. अजूनही घाबरतो. पण मला वाटत होतं की घाबरून बसलोय तो मी एकटाच, आणि त्याचा त्रास मलाच. ही बाई घरामागे दहा पावलंही मागे न बघता जाऊ शकत नाही, हे मला माहीत नव्हतं.

काल सकाळी मी तिला म्हटलं, फोन घे, शूटिंग आहे. तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. जाकीट घातलं नाही. शुगर लँडच्या उन्हाळ्यात लेदर घालणारा एक माणूस घरात पुरे. अर्धी चड्डी आणि बँकेने फुकट दिलेला टीशर्ट. लोकांनी विचारलं तर सांग, जाकीट धुवायला टाकलंय.

दारापासून वाटेपर्यंतच दम लागला. बाकापाशी आल्यावर पाय थांबले. छाती इतकी धडधडली की म्हटलं, झालं, आलं परत. खोटं कशाला लिहू. बसावंसं वाटलं, पण बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो, म्हणून उभाच राहिलो. मागून रत्ना काही बोलली नाही. 'सावकाश' नाही, 'परत चला' नाही, एक शब्द नाही. तिला गप्प राहायला किती कष्ट पडले असतील ते तुला सांगायला नको. मग मी पुढे निघालो. वळणापर्यंत गेलो.

शूटिंग पाठवतोय. तुझ्या हिशेबाने शॉट फुकट गेलाय. हिरो बाकापाशी मागे वळून बघतो, पोट दिसतं, आणि नंतर चित्र सगळं हलतंय, कारण कॅमेरावाली रडत होती आणि तिला ते लपवता येईना. कात्री लावू नकोस. शेवटी हाच घाल. महाप्रसादाला उशीर झाला तर सरलाताईंना माझं नाव सांग.

दुसरा टेक हवा असेल तर कळव. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहोत. रत्ना पुढे चालणार आहे.

दादा